सावलीचा चार्ज

दिल्लीला बदलून येणाऱ्या मराठी माणसाची पहिली ओळख येथील माणसांशी होत नाही, झाडांशी होते. माणसांची भाषा निराळी, जेवण निराळे, आदबीच्या तऱ्हाही निराळ्या. परंतु जनपथावरून जाताना दुतर्फा दिसतो तो आपल्या ओढ्याकाठचा अर्जुनसादडा. अकबर रोडवर चिंच, लोदी रोडवर कडुनिंब, मंदिर मार्गावर पिंपळ. आणि पूर्वी राजपथ म्हणून ओळखला जाणारा, २०२२ पासून कर्तव्यपथ झालेला जो रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना जांभूळ. यांपैकी एकालाही आपले नाव सांगावे लागत नाही. गावाकडची चार वडीलधारी मंडळी आपल्या आधीच येथे येऊन स्थिरावली आहेत, असा काहीसा दिलासा त्या ओळखीतून मिळतो.

ही मंडळी येथे आपोआप उगवलेली मात्र नव्हेत. १९११ च्या दरबारात राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये नव्या शहराचे उद्घाटन झाले. मधल्या वीस वर्षांत रस्त्यांबरोबर झाडांचीही आखणी झाली; कोणत्या रस्त्याला कोणते झाड शोभेल आणि कोणते टिकेल याचा विचार झाला, आणि त्या लागवडीत मस्टो नावाच्या ब्रिटिश उद्यानतज्ज्ञाचा मोठा हात होता. एका अर्थी ही झाडेही सरकारी नोकरीतच आली. फरक इतकाच की त्यांची बदली होत नाही. झाड शंभर वर्षे एका जागी उभे राहते आणि त्याच्या सावलीत राहणारा अधिकारी तीन वर्षांत निघून जातो. झाडाचे दुखणे वर्षानुवर्षे हळूहळू वाढत असते. ते पाहणारे डोळे मात्र दर तीन वर्षांनी नवे येतात. आम्ही आज जे लिहीत आहो त्याचे कारण ही विसंगतीच आहे.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे जाणकार नव्हे. आमची हयात हिशेबतपासणीत गेली. त्या कामाने एक सवय मात्र लावली: खर्चाचा आकडा पाहून दचकण्यापूर्वी तो खर्च नेहमीचा की अवांतर, हे पाहावे. झाडांच्या बाबतीत हीच सवय आमच्या उपयोगी पडली. झाडावर दिसणाऱ्या प्रत्येक बदलाला आपण सरसकट रोग म्हणतो. वस्तुतः त्यातले काही ऋतूचे असते, काही पाहुण्यांचे असते, आणि जे उरते तेच खरे दुखणे असते. ही तीन खाती एकमेकांत मिसळली की औषध भलत्याच खात्यात खर्ची पडते.

प्रथम ऋतूचे खाते. दिल्लीचा कडुनिंब मार्चमध्ये पाने टाकतो, आणि ती अशी की आठ-पंधरा दिवस अंगण झाडता झाडता माणूस थकतो. पाडवा त्या वर्षी लवकर आला असेल तर गुढीला बांधण्यासाठी कोवळा डहाळा शोधीत मराठी घरांतील मंडळी दोन-तीन झाडे फिरतात आणि ‘येथले निंबच रोगट’ असा निकाल देऊन परततात. झाड रोगट नसते. एप्रिल लागताच त्याच फांद्यांवर तांबूस पालवी येते आणि पाठोपाठ फुलांचा मंद वास दरवळू लागतो. शीशम थंडीत ओकाबोका होतो, पिंपळ वसंताच्या तोंडाशी. ही पानगळ ओळखणे कठीण नाही. ऋतूने गळणारे पान देठासकट सुटे होऊन पडते, झाडभर एकाच सुमारास पडते, आणि त्याच्या जागी पुढच्या पानाचा डोळा तयार असतो. दुखण्याने वाळलेले पान बहुधा फांदीला धरून लोंबत राहते, आणि तेही झाडाच्या एखाद्याच अंगाला. संशय राहिलाच तर डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे लागले तर डहाळी जिवंत आहे. कोरडे, तपकिरी लागले तर ती गेली. या परीक्षेला ना पैसा लागतो, ना कोणाची मंजुरी.

दुसरे खाते पाहुण्यांचे. गेल्या काही दशकांत दिल्लीच्या रस्त्यांवर सातविणीची पुष्कळ लागवड झाली. येथे तिला सप्तपर्णी म्हणतात. तिच्या पानांवर चामखिळीसारख्या गाठी उठलेल्या पाहून कोणाचेही मन कळवळते. या गाठी एका सूक्ष्म रसशोषक किड्याच्या पिलांमुळे उठतात. कोवळ्या पानावर अंडी घातली जातात आणि पिलाच्या भोवती पानाचाच गर वाढून त्याचे घर बनते. एकदा ते घर बांधून झाले की वरून केलेली फवारणी आतल्या बिऱ्हाडापर्यंत पोचत नाही. गळलेली पाने व फार बिघडलेले शेंडे गोळा करून नष्ट करणे, हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय. अर्जुनाच्या पानांवरही अशाच गाठी येतात. तसर रेशमाचे किडे अर्जुनाच्या पाल्यावर पोसले जातात, त्यामुळे तसर पिकविणाऱ्याला हे नुकसान जाणवते. रस्त्यावरचा साठ फुटी वृक्ष मात्र अशा गाठींनी मरत नाही. त्याचे रूप बिघडते, प्रकृती नव्हे.

याहून उपद्रवी पाहुणा म्हणजे आंब्याचा पिठ्या ढेकूण. कापसाची बोंडे चालू लागावीत तसे हे पांढरे किडे फांद्यांवर, भिंतींवर, प्रसंगी दिवाणखान्यातही फिरताना दिसतात. आंब्यावर त्याचा लोभ विशेष, पण शेजारच्या इतर झाडांनाही तो सोडीत नाही. त्याचा दिनक्रम मात्र सरकारी कचेरीइतका ठरलेला आहे. उन्हाळ्याच्या आरंभी मादी खोडावरून खाली उतरते आणि बुंध्याजवळच्या मातीत अंडी घालते. डिसेंबर-जानेवारीत पिले बाहेर पडून खोडावरून वर चढतात. म्हणून उपायही वेळेवरच करावा लागतो. उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून अंड्यांना ऊन दाखवावे, आणि डिसेंबरात पिले चढण्यापूर्वी खोडाभोवती वीतभर रुंदीचा गुळगुळीत प्लास्टिकचा पट्टा घट्ट बांधून त्याच्या खालच्या कडेला ग्रीस लावावे. पिले घसरतात आणि पट्ट्याखाली जमतात. तेथे ती मारता येतात. फेब्रुवारीत जागे होऊन फवाऱ्याची शोधाशोध करणाराला या उपायाचा लाभ नाही.

हे रसशोषक किडे झाडाचा रस पितात आणि उरलेला गोडवा चिकट्याच्या रूपाने खाली टाकतात. त्यावर मुंग्या येतात, काजळीसारखी बुरशी चढते, आणि खाली उभी केलेली मोटार सकाळी गुळाच्या ढेपेसारखी हाताला लागते. तक्रारीचा जन्म येथे होतो. ती बहुधा झाडासाठी नसते, मोटारीसाठी असते.

परराष्ट्र खात्यातले आमचे एक स्नेही काही वर्षे बर्लिनच्या वकिलातीत होते. त्यांच्याकडून कळले की या बाबतीत दिल्ली एकटी नाही. त्या शहरातला जो जगप्रसिद्ध रस्ता, त्याचे नावच ‘लिंडेन वृक्षांखाली’ असे आहे. १६४७ साली तेथे पहिली लागवड झाली. पुढे १९३० नंतरच्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामात आणि मग महायुद्धात जुनी झाडे गेली, १९५० नंतर नवी लावली गेली. नाव मात्र तेच राहिले. लिंडेनचे पान हृदयाच्या आकाराचे आणि फुलोरा सुगंधी, मधमाश्यांना वेड लावणारा. आपल्या सह्याद्रीतल्या धामणीच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘लिंडेनसारख्या पानांची’ असा आहे. तेव्हा हे अगदीच परके झाड नव्हे, दूरचे नाते निघते. या लिंडेनवर दर उन्हाळ्यात मावा पडतो आणि खालच्या मोटारींवर चिकटा गळतो. झाडाला त्याने सहसा धोका नसतो. ढालकिडे येतात, मावा खातात, पाऊस पाने धुतो आणि प्रकरण मिटते.

परंतु सगळ्यांनाच तेवढा धीर नसतो. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात विल्सनव्हिल येथे जून २०१३ मध्ये एका दुकानाच्या वाहनतळावरील लिंडेनच्या झाडांवर मावा मारण्याचे औषध फवारले गेले. झाडे ऐन फुलोऱ्यात होती. पुढच्या काही दिवसांत त्या झाडांखाली बंबलबी जातीच्या केसाळ भुंग्यांचा अक्षरशः सडा पडला. मेलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली. पुढे त्या राज्याने लिंडेनवर अशा औषधांचा वापर करण्यास बंदी घातली. ज्याला पाण्याचा एक जोरदार फवारा पुरला असता, त्याच्या निवारणासाठी एवढा संहार झाला. पाहुण्याला दुखणे समजण्याची किंमत याहून स्पष्ट आकड्यांत आम्ही कोठे पाहिली नाही.

आता तिसरे खाते. खऱ्या दुखण्याच्या खुणा पाहावयाच्या तर नजर पानांवरून खोडाकडे आणि खोडावरून मुळाकडे उतरवावी लागते. खोडावर मातीचे लेप दिसले की माळी सांगतो, ‘‘साहब, दीमक लग गई, अब पेड़ गया।’’ वाळवी ही पुष्कळदा नुसती सालीवरचा मेलेला भाग खात असते; निरोगी वृक्षात तिला फारसा रस नसतो. लेप खरवडावा, खालची साल टणक व ओलसर असेल तर काळजी सोडावी. सालीवर भुश्शाची व विष्ठेची जाळीदार पट्टी दिसली तर ते साल खाणाऱ्या अळीचे काम. ती दिवसा खोडातल्या भोकात दडते आणि रात्री त्या पट्टीच्या आडोशाने साल कुरतडते. जाळी पुसून भोक मोकळे करावे, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा तारेने आत सारावा आणि वर चिखल लिंपावा; हा जुना उपाय आजही चांगला आहे. परंतु बुंध्याशी, जमिनीलगत, लाकडी फळीसारखे कठीण भूछत्र उगवलेले दिसले तर मात्र थांबावे. ते आतल्या कुजण्याचे बाहेर आलेले प्रमाणपत्र असते. अशा झाडाचा शेंडा हिरवागार असला तरी त्याचा आधार पोखरलेला असू शकतो, आणि तेथे जाणत्या माणसाला बोलावण्यात दिरंगाई करू नये.

कडुनिंबाची गोष्ट आणखी विलक्षण. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केली आणि तेवढा कडुनिंब राहिला, हे पाहून एका जर्मन कीटकशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास आरंभिला. जगाला कीटकनाशक देणारे हे झाड. आपल्याकडे तर ते अर्धा वैद्यच. परंतु वैद्यालाही आजार चुकत नाही. चाडच्या सरोवराकाठच्या प्रदेशात खवले किडीने कडुनिंबाचे अतोनात नुकसान केले; आणि आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात म्हैसूरच्या संशोधकांनी फोमॉप्सिस या बुरशीमुळे होणाऱ्या शेंडेमरीची नोंद केली. २०२१ मध्ये तेलंगणात ठिकठिकाणचे निंब जळाल्यासारखे तपकिरी झाले, तेव्हा हैदराबादेतल्या आमच्या बांधवांनाही तो देखावा पाहावा लागला. डहाळीचे टोक आधी वाळते आणि मग वाळवण मागे सरकते. पावसाळ्यात त्याला आरंभ होतो आणि पावसाच्या अखेरीपासून थंडीपर्यंत ते भरास येते. कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारा चहाचा ढेकण्याही याच सुमारास त्यात भर घालतो. तथापि एवढ्याने मोठे झाड तत्काळ मरते असे नव्हे. पुष्कळ झाडे पुढच्या पालवीत पुन्हा हिरवी होतात.

हे सारे आम्हांस पुस्तकातून कळले असते तर आम्ही ते विसरूनही गेलो असतो. विसरलो नाही, याचे कारण आमच्या वसाहतीच्या फाटकाशी उभा असलेला एक कडुनिंब. सकाळी सातच्या सुमारास शाळेच्या बसची वाट पाहणारी तीस-पस्तीस मुले त्याच्याखाली उभी राहात. एका भाद्रपदात त्याचे शेंडे वाळू लागले. दिवाळीपर्यंत पूर्वेकडचे अंग पार करपून गेले आणि एके सकाळी मनगटाएवढी एक वाळकी फांदी दप्तरांच्या ढिगावर कोसळली. मुले चार पावलांवर होती म्हणून निभावले.

त्या रात्री वसाहतीची सभा भरली. एक पक्ष म्हणाला, झाड तोडून टाका. मुलांच्या जिवापुढे झाड ते काय? दुसरा म्हणाला, औषध फवारा. पहिल्या पक्षात ज्यांची मुले त्या रांगेत असत ते आईबाप होते. त्यांना हसण्याची आमची छाती नव्हती. दिल्लीत झाड तोडण्यास १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते, हे कोणी सांगितले तेव्हा अर्जाचा मसुदा करण्याचे काम हिशेबी माणूस म्हणून आमच्याकडेच आले. आम्ही इतकेच म्हटले की अर्ज लिहिण्यापूर्वी झाड एकदा पाहावे.

वनखात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ पलीकडच्या चाळीत मुलाकडे राहात. त्यांना विनंती केली. ते काठी टेकीत आले. आम्ही सर्व जण माना वर करून शेंडे दाखवीत होतो. ते किंचित हसून म्हणाले, ‘‘आप लोग ऊपर देख रहे हैं। ज़रा नीचे देखिए।’’

खाली सिमेंटच्या फरशा थेट खोडाला भिडल्या होत्या. बोटभर माती दिसत नव्हती. पूर्वेच्या बाजूला आदल्या उन्हाळ्यात नळ टाकण्यासाठी चर खणला गेला होता आणि बुजवलाही गेला होता. झाडाची अन्न घेणारी मुळे बव्हंशी वरच्या दोन-तीन फूट मातीतच पसरलेली असतात, आणि ती पानांच्या घेराच्याही बाहेर जातात. त्या चराने नेमकी पूर्वेची मुळे तोडली होती. आणि उरलेल्यांचा हवापाण्याचा मार्ग फरशांनी बंद केला होता. वृद्धांनी लाकडी हातोडीने खोड सर्व बाजूंनी ठोकून पाहिले. आवाज भरीव आला. बुंध्याशी भूछत्र नव्हते. पूर्वेच्या डहाळ्या खरवडल्या; आत कोरडे लागले. पश्चिमेच्या खरवडल्या, हिरवे लागले. बुरशी होतीच, ते म्हणाले, पण ती दार उघडे पाहून आत आली. दार उघडणारे निराळे.

मग अर्ज गेला तो वाळलेल्या फांद्या काढण्याच्या परवानगीसाठी. प्रत्येक फांदी वाळलेल्या भागाच्या चार बोटे खाली, जिवंत लाकडात कापली. प्रत्येक छेदानंतर करवत पुसून घेतली. आणि जखमांवर बोर्डो मलम लावले. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला किंवा कोकणातल्या सुपारीवाल्याला बोर्डो मिश्रणाची ओळख करून द्यावयास नको. मलमासाठी एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो चुना निराळ्या पाच लिटरांत, आणि मग दोन्ही एकत्र. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नव्हे. तयार मलमात स्वच्छ लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. फरशा काढण्याचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण त्या घालण्यावर खर्च पडलेला होता. परंतु दिल्लीतील झाडांभोवती किमान एक मीटर जागा सिमेंटमुक्त करावी, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा आदेश होता. तो जोडताच फाईल हलली. माती हाताच्या काट्याने सैल केली, वर कुजलेल्या पानांचा पातळ थर दिला, आणि उन्हाळाभर आठवड्यातून एकदा पाणी सावकाश मुरू दिले.

राहिला प्रश्न मुलांचा. त्याचे उत्तर कोणाच्या तरी आठ वर्षांच्या मुलीने दिले. तिने विचारले, ‘‘बस थोडी पुढे थांबली तर?’’ झाडाला जागा सोडता येत नाही, रांगेला येते. बस चाळीस पावले पुढे, एका तरुण जांभळीपाशी थांबू लागली, आणि सभेतले दोन्ही पक्ष एकाच सकाळी निरुत्तर झाले.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पूर्वेच्या तोडलेल्या फांद्यांजवळून तांबूस धुमारे फुटले. त्या अंगाचा घेर पूर्वीसारखा भरला नाही; कदाचित कधीच भरणार नाही. ३० मे २०२२ च्या वादळात दिल्लीत शेकडो झाडे उन्मळून पडली, तेव्हा छत्री घेऊन आम्ही पहिल्याने पाहावयास गेलो ते फाटकाकडे. तो उभा होता. पुढच्या रस्त्यावर पडलेल्या एका मोठ्या वृक्षाच्या बुंध्याभोवती मात्र मुळांऐवजी फरशांचा गोल उखडून वर आला होता. त्याच्यावर कीड नव्हती, बुरशीही दिसत नव्हती. त्याला पाय पसरावयास जागाच ठेवलेली नव्हती.

काही दिवसांनी आमच्या बदलीचा हुकूम आला. चार्ज देताना आपल्या खात्यात खुर्च्या मोजतात, पंखे मोजतात, कपाटांच्या किल्ल्या सही घेऊन देतात. घराबाहेरच्या झाडाचा रकाना त्या तक्त्यात नसतो. आम्ही एक निराळा कागद जोडला. त्यावर कडुनिंबाची पाने कोणत्या महिन्यात गळतात आणि पालवी केव्हा येते हे लिहिले, म्हणजे नवे गृहस्थ मार्चमध्ये घाबरणार नाहीत. पूर्वेचा चर कोठे आहे ते रेघ मारून दाखविले. कोणत्या फांद्या कापल्या, कोणत्यांवर लक्ष ठेवावे, पट्टा केव्हा बांधावा, मोहरात फवारणी का करू देऊ नये, आणि बुंध्याशी भूछत्र दिसले तर कोणाला कळवावे, हेही लिहिले. शेवटी खाली एक ओळ घातली: मोकळी ठेवलेली एक मीटर माती हे आपल्या क्वार्टरचे सर्वांत महत्त्वाचे सामान आहे, ती पुन्हा फरशीखाली जाऊ देऊ नये.

आमच्या जागी आलेले गृहस्थ ओडिशाचे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, खिशातून पेन काढले आणि खुर्च्या-पंख्यांच्या यादीखाली करतात तशीच त्याच्याही खाली, तारीख घालून, सही केली.